आधी ट्रेलर ठरव, गाडी मग: डर्टबाईक ओढायला एसयूव्ही घेताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा: राहतोस कॅन्टनला, मिशिगन. घरात पेट्रोलची सीआर-व्ही आहे, गॅरेजमध्ये तुझी एक २५० सीसीची डर्टबाईक आहे, आणि या सीझनला ११ वर्षांच्या पोराला नि ८ वर्षांच्या पोरीला पण छोट्या बाईक घेतल्यास. आता ट्रेलर ओढायला तीन रांगांची नवीन एसयूव्ही हवी, बजेट ५० हजार डॉलरच्या आसपास, आणि डीलर म्हणतो "५,००० पौंड ओढणारी कुठलीही घ्या, तुमच्या बाईक म्हणजे काहीच नाही". काका म्हणून विचारलंस, चालेल, केस पांढरे झालेतच. मी २००७ ला पुण्याहून डेट्रॉईटला आलो, नोकरी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये, त्यातली बरीच वर्षं टोइंग आणि कूलिंगच्या टेस्ट करण्यात गेली आणि शनिवार-रविवार स्वतःच्या पोरांच्या बाईक ओढण्यात. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

डीलर अर्धं खरं बोलतोय. बाईक वजनाला खरंच काही नाहीत. तुझी ट्रेलवाली २५० पेट्रोल भरून २६५ पौंडाच्या आसपास, पोराची १२५ दोनशेच्या आत-बाहेर, पोरीची ११० म्हणजे १६०-१७०. तिन्ही मिळून सव्वासहाशे पौंड, किलोत बघितलं तर २८५ सुद्धा नाही, चार धडधाकट माणसांचं वजन. पुण्यात असताना आम्ही बाईक छोट्या हत्तीत आडव्या-तिडव्या टाकून न्यायचो आणि वर दोन पोरं बसायची ती वेगळी, वजनाचा विचार कोणी करायचा नाही. पण इथे प्रश्न बाईकचा नाहीये, बाईक ज्यात ठेवणार त्याचा आहे. सगळे जण आधी गाडी घेतात, मग सहा महिन्यांनी ट्रेलर बघायला जातात आणि मग कळतं की जो ट्रेलर आवडलाय तो या गाडीला झेपत नाही. उलटं कर. आधी ट्रेलर ठरव, निदान कागदावर तरी, आणि त्याच्याभोवती गाडी शोध.

तुझ्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत. एक म्हणजे उघडा युटिलिटी ट्रेलर, ६ बाय १०, मागे जाळीचा रॅम्प, रिकामा साधारण ७०० पौंड. त्यात बाईक ६२५, पेट्रोलचा कॅन, टूलबॉक्स, स्टँड वगैरे २०० धर, झाले दीड हजार पौंड. दुसरा म्हणजे बंद ट्रेलर, ६ बाय १२, पुढून व्ही आकाराचा, एका अ‍ॅक्सलचा. हा रिकामाच १,४०० पौंडाच्या घरात असतो, बाईक ६२५ आणि बंद ट्रेलर आहे म्हटल्यावर माणूस त्यात खुर्च्या, कॅनोपी, जनरेटर, जुनी सायकल सगळं कोंबतो, ते ४०० धर, म्हणजे २,४०० च्या वर गेलास. दोन्ही आकडे ५,००० च्या निम्म्याहून खाली आहेत. मग डीलरचं चुकलं कुठे?

चुकलं वाऱ्याचं. ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच म्हणजे ३९ स्क्वेअर फुटांची भिंत तू मागे घेऊन ताशी ७० मैलांनी जाणारेस, त्यातला खालचा भाग गाडीच्या आडोशाला येतो पण वरचा आणि बाजूचा नाही. उघड्या ट्रेलरवर बाईकच्या मधून वारा निघून जातो, इंजिनला मागे काही आहे हे नीट कळतही नाही. बंद ट्रेलर रिकामा असला तरी इंजिन कण्हायला लागतं, कारण हायवेला वजनापेक्षा हवेशी झगडा जास्त असतो, वजन फक्त चढावर आणि ब्रेक मारताना जाणवतं. आणि बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये वजनाबरोबर ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची पण लिमिट दिलेली असते, ती ब्रोशरमध्ये छापत नाहीत आणि डीलरला तर माहीतच नसते. मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं, गाडी घ्यायच्या आधी टोइंगचं प्रकरण वाच. पंधरा मिनिटांचं काम आहे.

तो ५,००० चा आकडा येतो कुठून ते पण सांगतो, कारण त्याच कामात माझे उन्हाळे गेलेत. एसएई जे२८०७ नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्याच्या आधी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडा छापायची, टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते सगळ्यात आधी पाळायला घेतलं, बाकीच्यांना यायला अजून काही वर्षं लागली. त्यातली सगळ्यात गाजलेली परीक्षा म्हणजे अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, बुलहेड सिटीच्या बाजूने ११.४ मैल सलग वर, बाहेर १०० डिग्री फॅरनहाईट, एसी फुल, आणि तुझ्यासारख्या गाडीने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही, काही गरम होऊन बंद पडायचं नाही. चांगली कडक परीक्षा आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्या परीक्षेत गाडीत माणसं किती असतात माहितीये? दोन, प्रत्येकी १५० पौंडाची. सामान नाही, पोरं नाहीत, कूलर नाही, आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा तर नाहीतच. त्याच्यापुढचा प्रत्येक पौंड त्या ५,००० मधून वजा होतो.

आता खरी गोष्ट. गाडीचा दम ओढण्यात संपत नाही, पाठीवर घेण्यात संपतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरचं पिवळं-पांढरं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडाच्या वर जाऊ नका. तो पेलोड. तीन रांगांच्या एसयूव्हीत तो बहुतेक वेळा १,२०० ते १,५०० च्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो त्या विशिष्ट गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. तेच मॉडेल, पण पॅनोरॅमिक छत, २१ इंची चाकं, थंड होणाऱ्या सीटा घेतल्यास तर तेवढं वजन गाडीनेच खाल्लेलं असतं, स्टिकरवरचा आकडा खाली येतो. म्हणजे महागडा ट्रिम (त्याच मॉडेलचा वरचा प्रकार) घेतलास की ओढायची ताकद तीच पण पाठ कमजोर. हे लोकांना पटत नाही, वरचा ट्रिम सगळ्याच बाबतीत वरचा असणार असं वाटतं.

आणि ट्रेलर त्या पेलोडमध्ये मोजला जातो, पूर्ण नाही, फक्त त्याच्या दांडीचं गाडीच्या हिचवर (मागे ट्रेलर जोडायची जागा) जे ओझं पडतं तेवढं. त्याला टंग वेट म्हणतात, भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असायला हवं. तुझी बेरीज मीच करतो. तू १८०, वहिनी १४०, पोरं ९० आणि ६०, झाले ४७०. कूलर, हेल्मेट-बूट, कपडे, डिक्कीतलं सगळं २००. हिचमधला बॉलमाउंट, म्हणजे ट्रेलरची दांडी ज्यावर बसते तो गोळावाला तुकडा, २५. बंद ट्रेलरचं टंग वेट ३१०. एकूण १,००५. स्टिकर १,३०० चं असेल तर मजेत बसतं. आता जुलैमध्ये आई-बाबा आलेत आणि नातवंडं कशी उड्या मारतात ते बघायला मागच्या रांगेत बसलेत, ते मिळून ३००. झाले १,३०५. गेलास वर. ओढायच्या ५,००० च्या निम्म्यावर पण पोचला नाहीस आणि गाडी ओव्हरलोड. तेच उघडा ट्रेलर असेल तर टंग वेट १८० च्या आसपास, आई-बाबांसकट १,१७५, काही टेन्शन नाही. म्हणून म्हणतो आधी ट्रेलर.

माझं मत विचारशील तर पहिली दोन-तीन वर्षं उघडा ट्रेलर घे. पोरांना हा नाद टिकतो की नाही ते कळू दे, आमच्या ओळखीत निम्म्या पोरांनी दोन सीझननंतर बाईक सोडून रोबोटिक्स धरलंय. बंद ट्रेलरची खरी गरज दोन गोष्टींना, रात्रभर हॉटेलच्या पार्किंगमध्ये बाईक ठेवायच्या असतील तर चोरीपासून, आणि इथल्या मिठापासून. मार्चमध्ये एकदा रस्त्यावरचं मीठ-पाणी बाईकच्या चेनवर, स्पोकवर उडालं की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आता गाड्या. तुझ्या बजेटमध्ये नवीन आणि तीन रांगा म्हटलं तर पायलट, ग्रँड हायलँडर, टेल्युराइड, पॅलिसेड, एक्सप्लोरर, ट्रॅव्हर्स, पाथफाइंडर, अ‍ॅसेंट, अ‍ॅटलस ही मंडळी. सगळ्यांच्या जाहिरातीत ५,००० किंवा वर. पण बारीक अक्षरं बघ. पायलट ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर ५,०००, फ्रंट-व्हीलवाली ३,५००. ग्रँड हायलँडर पेट्रोल ५,०००, वरची हायब्रिड मॅक्स ५,०००, पण साधी हायब्रिड ३,५००, आणि लोकांना नेमकी तीच हवी असते. पाथफाइंडर ट्रिमनुसार ३,५०० नाहीतर ६,०००. एक्सप्लोररला टो पॅकेज (ओढण्यासाठीचा जास्तीचा संच) घेतलं तरच ५,००० च्या घरात, नाहीतर ३,०००. म्हणजे नावावरून काही कळत नाही, तीच गाडी, तोच रंग, लॉटवर शेजारी शेजारी उभ्या आणि एकीची लायकी दुसरीच्या निम्मी. तुझ्या २,४०० पौंडासाठी खरं म्हणजे ३,५०० वाली साधी हायब्रिड ग्रँड हायलँडर पण पुरते, उघडा ट्रेलर असेल तर आरामात, आणि उरलेले पाच दिवस ऑफिसला जाताना पेट्रोल वाचतं ते वेगळं. बंद ट्रेलर नक्की असेल तर मात्र मी ५,००० च्या खाली जाणार नाही, वाऱ्यासाठी म्हणून.

फोररनर, ग्रँड चेरोकी एल, ड्युरँगो या ६,००० किंवा वर जातात, नवीन फोररनर ६,०००, बाकीच्या दोन्ही व्ही-सिक्समध्ये ६,२००. यांचं मागचं अंग जड कामाला जास्त तयार असतं. पण फोररनरची तिसरी रांग म्हणजे नुसती म्हणायला, आणि शनिवारच्या दोन तासांसाठी आठवडाभर तशी गाडी चालवायची का हे वहिनींना विचार, मला नको. टाहो-एक्सपिडिशन ८,००० च्या पुढे ओढतात, तुझ्या बजेटमध्ये नवीन येत नाहीत आणि तीन छोट्या बाईकसाठी तसली गाडी म्हणजे मुंगी मारायला तोफ.

एक न विचारलेलं सांगतो, मिनीव्हॅन बघितलीस का? सिएना आणि ओडिसी दोन्ही ३,५०० पौंड ओढतात, उघड्या ट्रेलरला मिनीव्हॅनसारखी गाडी नाही, खाली बसकी, लांब, स्थिर, आई-बाबांना चढायला सोपी. माहितीये, मिनीव्हॅन म्हटलं की चाळिशीच्या माणसाचा चेहरा पडतो. माझा पण पडला होता.

आणि अजून एक, या सीझनला गाडी न घेता पण निघू शकतं. पेट्रोलची सीआर-व्ही १,५०० पौंड ओढते (हायब्रिड असती तर १,०००, ती नाही हे बरंय). ५ बाय ८ चा हलका उघडा ट्रेलर ५०० चा, त्यावर पोरांच्या दोन बाईक आणि थोडं सामान म्हणजे हजाराच्या आत राहतोस, ते महत्त्वाचं, कारण होंडासकट काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० च्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत असं लिहिलंय. कॅन्टनहून होली ओक्सला नाहीतर फ्लिंटजवळच्या माउंड्सला (दोन्ही बाईक चालवायची पार्कं) जायचं, सपाट रस्ता, तासाभराचं अंतर, ६० च्या वर जायचं नाही. तुझी बाईक घरी राहील, पोरांच्या मागे पळायलाच तुझा दिवस जाणारे तसाही. हिचच्या रॅकवर बाईक लटकवायचा विचार मात्र सीआर-व्हीवर करू नको. तो रॅक आणि बाईक मिळून ३०० पौंड सगळेच्या सगळे हिचवर, तेसुद्धा मागे लटकून, आणि सीआर-व्हीची टंग लिमिट १५०.

टो पॅकेज फॅक्टरीचंच घे, यात वाद नको. लोक म्हणतात हिच काय, कुठेही ३०० डॉलरला बसवून मिळतो. हिच मिळतो, बाकीचं नाही मिळत. गाडीप्रमाणे फरक असतो पण फॅक्टरी पॅकेजमध्ये बहुतेकदा ट्रान्समिशनचा किंवा इंजिनाचा जास्तीचा कूलिंग, जाड वायरिंग, सात पिनांचं सॉकेट, आणि ट्रेलर जोडलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळण्याची सोय येते. ते कळलं की गाडी मागचे सेन्सर गप्प करते, ट्रेलर डोलायला लागला तर एकेका चाकाला ब्रेक मारून सावरते. नंतर बाहेर बसवलेल्या हिचवर हे सगळं चालेलच असं नाही, आणि वॉरंटीचा वाद झाला तर तू एकटा. रिसीव्हर (हिचचं चौकोनी भोक) २ इंची हवा, सव्वा इंची नको. चार पिनांचं सॉकेट फक्त दिवे लावतं, ब्रेकवाला ट्रेलर घ्यायचा झाला तर सात पिना लागतात आणि डॅशखाली ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा डबा), त्याची वायर आधीपासून आहे का ते डीलरला नाही, सर्व्हिसच्या माणसाला विचार.

ब्रेकवरून आठवलं, बाजारात ६ बाय १२ चे ट्रेलर जवळजवळ सगळे २,९९० पौंडाच्या प्लेटचे (भरून जास्तीत जास्त एवढं वजन) का असतात माहितीये? कारण बऱ्याच राज्यांत ३,००० पासून ट्रेलरला ब्रेक लागतात, म्हणून बनवणारे १० पौंड खाली थांबतात. कॅलिफोर्नियात तर १,५०० लाच लागतात. कायद्याला नाही लागले म्हणून गाडीला लागत नाहीत असं नसतं. २,४०० पौंड मागून ढकलत असताना लाल दिव्याला थांबायचं काम एकट्या तुझ्या गाडीच्या ब्रेकने करायचं, आणि त्याच गाडीत मागे पोरं बसलेत. बंद ट्रेलर घेशील तर इलेक्ट्रिक ब्रेकवाला अ‍ॅक्सल मागून घे, ऑर्डर देताना काहीशे डॉलरचा फरक पडतो, नंतर बसवायचा म्हणजे दुप्पट आणि वर एक शनिवार गेला.

हे मी कुठे शिकलो ते पण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. २००९ मध्ये, एक वापरलेली जुनी एसयूव्ही, भाड्याचा उघडा ट्रेलर, दोन बाईक. मी टेस्टिंगमधला माणूस, मला काय शिकवायचं. बाईक उतरवायला सोप्या म्हणून अगदी मागे रॅम्पला चिकटवून बांधल्या, पेट्रोलचे दोन कॅन पण मागे. आय-७५ हायवेवरून उत्तरेला चाललो होतो, सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा पूल येतो, उंच आहे, वर चढलास की बाजूचा वारा थेट लागतो. उतारावर ७० ने होतो आणि एक मोठा ट्रक शेजारून गेला, त्याच्या हवेने ट्रेलर एकदा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे आणि प्रत्येक वेळी जास्त. शेपूट कुत्र्याला हलवायला लागलं. बायको शेजारी होती, ती एक शब्द बोलली नाही, त्यावरूनच कळलं किती वाईट दिसत असेल. नशिबाने पाय ब्रेकवर गेला नाही, अ‍ॅक्सिलेटर सोडला, स्टिअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं आणि वेग पन्नासच्या खाली आल्यावर आपोआप शांत झालं. ब्रेक मारला असता तर गाडी मंदावली असती आणि ट्रेलर मागून रेटत आडवा आला असता. पुढच्या एक्झिटला उतरून दोन्ही बाईक दीड फूट पुढे घेतल्या, कॅन पुढे आणले, बाकीचा रस्ता त्याच वाऱ्यात ट्रेलर हललासुद्धा नाही. तीच गाडी, तोच ट्रेलर, तेवढंच वजन. फक्त दांडीवर ओझं नव्हतं, ६० टक्के माल अ‍ॅक्सलच्या पुढे हवा तो माझा मागे होता.

तेव्हापासून नवीन ट्रेलर किंवा नवीन बाईक आली की मी टंग वेट मोजतो. बाथरूमचा वजनकाटा, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर भरलेल्या ट्रेलरची दांडी ठेवायची, ठोकळा एवढा घ्यायचा की दांडी हिचवर असते त्याच उंचीला येईल. काटा तीनशेच्या वर जात नसेल तर फळीची युक्ती आहे: फळीचं एक टोक विटेवर, दुसरं टोक काट्यावर, दोन टेकूंमध्ये तीन फूट अंतर, आणि दांडी विटेपासून एक फुटावर टेकवायची, काट्यावर येईल त्याला तीनने गुण. आधी रिकाम्या फळीचं वजन काट्यावर बघून ते वजा कर. एकूण वजनासाठी ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, थोडे डॉलर देऊन गाडी आणि ट्रेलर प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन कागदावर छापून मिळतं. पहिल्या ट्रिपला पूर्ण घरदार आणि सामानासकट एकदा त्यावर उभी कर गाडी.

बांधण्याबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. ट्रेलरच्या पुढच्या कडेला पक्के चॉक (पुढचं चाक अडकवायच्या खाचा), प्रत्येक बाईकला पुढे दोन पट्टे हँडलच्या खालच्या बाजूने सॉफ्ट लूप (कापडी फास) टाकून, फोर्क अर्धा दाबला जाईल इतपतच, पार आवळून टाकलास तर सील गळायला लागतात, आणि मागच्या चाकाला एक पट्टा म्हणजे शेपटी नाचत नाही. दहा मैलांवर थांबून परत ओढून बघायचे. नेहमी ढिले झालेले असतात, नेहमी.

ट्रेलरच्या टायरकडे कोणी बघत नाही. ते एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर टायर असतात, त्यातले कितीतरी ताशी ६५ मैलांच्या वेगापर्यंतच बनवलेले, १२ इंची चाकं तुझ्या गाडीच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त फिरतात, हवा त्यांच्या कडेवर छापलेल्या पूर्ण प्रेशरला भरायची, गाडीसारखी ३५ नाही. टायर झिजायच्या आधी वयाने मरतात, पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही नवी दिसू दे, बदल. बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस, आणि स्पेअर चाक ट्रेलर घेतानाच घे, रविवारी संध्याकाळी हायवेच्या कडेला ते कुठेच मिळत नाही.

सिल्व्हर लेकच्या वाळूत जाणार असशील, जायलाच हवं, तर रस्ता सपाटच आहे, कुठलीही गाडी चालेल. वेस्ट व्हर्जिनियाला हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्सना जायची स्वप्नं असतील तर मात्र डोंगर आहेत, तिथे टो मोड लावायचा, त्याची गरज चढावर कमी उतारावर जास्त, उतारावर गिअर खाली पाडून इंजिनने वेग धरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसलास तर तळाला पोचेपर्यंत जळका वास येईल. मॅकिनॉ ब्रिज ओलांडून वर यूपीला (अप्पर पेनिन्सुला, मिशिगनचा उत्तरेकडचा भाग) जाणार असशील तर बंद ट्रेलरवाल्याने निघायच्या आधी वाऱ्याचा इशारा बघायचा, जोराचा वारा असला की उंच गाड्या आणि तसले ट्रेलर पुलाचे लोक स्वतःच्या गाडीमागून सावकाश सोडतात, त्यापुढे वारा वाढला तर सोडतच नाहीत.

पेट्रोलचं सांगायचं तर गॅलनला २४-२५ मैलांचं मायलेज बंद ट्रेलरमागे १४-१५ वर येतं, उघड्यामागे १८-२०. इलेक्ट्रिक घ्यायचा मोह झाला असेल, कियाची ईव्ही९ कागदावर ५,००० पौंड ओढते, आणि ओढतेही मस्त, पण बंद ट्रेलर लावला की रेंज निम्मी होते, आणि चार्जरच्या जागा ट्रेलरसकट घुसायला बनवलेल्याच नाहीत, दर वेळी ट्रेलर सोडा, चार्ज करा, परत जोडा, पोरं मागे "अजून किती वेळ" म्हणतायत. जवळच्या ट्रॅकसाठी ठीक, लांबसाठी अजून नाही.

घेताना भावाचं बोलायचं तर तू डेट्रॉईटच्या भागात आहेस, तुझ्या मंडळातल्या दर तिसऱ्या माणसाकडे कुठल्या ना कुठल्या कंपनीचा एम्प्लॉयी नाहीतर फ्रेंड्स-फॅमिली प्लॅन असतो, फोर्डचा एक्स-प्लॅनचा पिन (सवलतीचा कोड) मागायला लाजू नको, गणपतीत ओळख काढून लोकांनी घेतलेत. टो पॅकेज असलेली गाडी लॉटवर नसेल तर डीलर "आम्ही लावून देतो" म्हणेल, ते फॅक्टरीचं नव्हे, विंडो स्टिकरवर छापलेलं असेल तरच फॅक्टरीचं. आणि नवीन गाडी आणल्या दिवशी ट्रेलर जोडू नकोस, मॅन्युअलमध्ये बहुतेक ५०० ते १,००० मैल आधी नुसती चालवा असं असतं, म्हणजे जूनच्या पहिल्या राईडसाठी गाडी एप्रिलमध्ये घरी हवी. ट्रेलरची नंबर प्लेट इथे कायमची मिळते, दर वर्षी रिन्यू करायची भानगड नाही. बाईकचे ओआरव्ही (ऑफ-रोड गाड्यांचे) स्टिकर मात्र दर वर्षी, आणि पोरं १६ च्या आतली आहेत तर दोघांना सेफ्टी सर्टिफिकेट लागेल, ते हिवाळ्यात ऑनलाईन उरकून घे.

रिव्हर्सची प्रॅक्टिस मंदिराच्या पार्किंगमध्ये सोमवारी सकाळी कर, हात स्टिअरिंगच्या तळाला ठेवायचा आणि ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचंय तिकडे हात न्यायचा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा कठीण असतो, पटकन आडवा होतो, त्यामुळे जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. उघडा, रिकामा ट्रेलर तर मागच्या काचेतून दिसतच नाही, त्याच्या दोन कोपऱ्यांना मी नारिंगी झेंडे लावलेत, पोरं हसतात.

या शनिवारी दोन-तीन डीलरांकडे जाशील तेव्हा गाडी चालवायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघड आणि त्या स्टिकरचा फोटो काढ, ज्या ज्या गाडीवर मन बसतंय त्या प्रत्येकीचा, आणि ट्रेलरच्या दुकानात गेलास तर ट्रेलरच्या दांडीजवळच्या प्लेटचा पण. पाठव, बेरीज मी करून देतो. आई-बाबा कधी येतायत ते पण लिही.